इनडोअर स्टेडियम अर्थात बंदिस्त क्रीडागार

वर छत, चारी बाजू बंद, मधे सपाट फ्लोअर आणि भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्यांवर प्रेक्षक, अशी मोठी इमारत जिथे सकाळी बॅडमिंटन, दुपारी कबड्डी आणि शनिवारी रात्री गाण्याचा कार्यक्रम होऊ शकतो, ती म्हणजे इनडोअर स्टेडियम. हल्ली अरेना हा शब्दही सर्रास चालतो. नाट्यगृहापेक्षा हे वेगळं, कारण नाट्यगृहात प्रेक्षक एकाच बाजूला असतो आणि इथे चहूबाजूंनी.

शब्दाबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण नाशिकमध्ये तो विषय जवळचा आहे. अरेना हा मूळ लॅटिन हारेना, म्हणजे वाळू. रोमन लोक झुंजीच्या जागेवर वाळू पसरायचे, तिचंच नाव पुढे जागेला पडलं. हारेनाचा उगम काहीजण सॅबिन या प्राचीन इटलीतल्या भाषेतल्या फासेना या रूपाशी जोडतात, काहीजण तिथल्याच एट्रुस्कन भाषेतला मानतात, पक्का निकाल नाही. आपल्याकडे याच्या जोडीला बसणारा शब्द आखाडा, आणि गंमत म्हणजे तोही मातीचाच, तालमीतला तो हौदा, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती. आखाडा कुठून आला यावर दोन मतं आहेत. साधूंच्या आखाड्यांत (सिंहस्थात पंचवटी-तपोवनात वैष्णवांचे आणि त्र्यंबकेश्वरला शैवांचे उतरतात ते) हा शब्द अखंड वरून आला असं परंपरेने सांगतात. भाषाशास्त्रवाले अक्षवाट हे मूळ धरतात, अक्ष म्हणजे फासे आणि वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा, म्हणजे आधी द्यूताची जागा आणि मग कुस्तीची. दुसरं मत जास्त पटतं. लक्ष चं लाख होतं तसा क्ष चा ख होऊन आधीचा स्वर लांबला, घट चा घडा होतो तसा ट चा ड झाला, मधला व प्राकृतात गळाला. उलट खंड चं मराठीत खांड होतं, अनुस्वार टिकतो, म्हणजे अखंड पासून शब्द आला असता तर आखांडा सारखं रूप अपेक्षित होतं. अर्थात साधूंच्या परंपरेत अखंड या अर्थाला जे महत्त्व आहे ते व्युत्पत्तीने कमी होत नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात (साधारण 1130 च्या आसपास) मल्लविनोदाचं, म्हणजे कुस्तीच्या करमणुकीचं प्रकरण आहे, म्हणजे कुस्ती बघायला लोक जमवायचे आणि त्यासाठी जागा सजवायची ही रीत आपल्याकडे निदान तेवढी जुनी.

छत मात्र उशिरा आलं. रोमच्या कोलोसियमवर उन्हासाठी कापडी छत ओढायची सोय होती पण ते काही बंदिस्त नव्हतं. मधे खांब न घेता मोठी जागा झाकणं लोखंड आणि काँक्रीटशिवाय अवघडच. लंडनच्या वेम्बलीचं एम्पायर पूल 1934 चं, रोममधलं इंजिनिअर नेर्वीचं घुमटवालं पॅलाझेटो हे क्रीडागार 1957 चं, टोकियोचं योयोगी 1964 चं, ह्यूस्टनचं अॅस्ट्रोडोम 1965 चं. यातलं पहिलं कुठलं हा वाद व्याख्येवर अवलंबून आहे, त्यात फार अडकू नये. भारतात मुंबईला वरळीचं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम 1957 चं, कोलकात्याचं नेताजी इनडोअर 1975 च्या जागतिक टेबल टेनिससाठी, दिल्लीचं इंदिरा गांधी 1982 च्या एशियाडसाठी, आणि पुण्यात बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी.

मापं. कबड्डीचं पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, बॅडमिंटनचं कोर्ट 13.40 बाय 6.10, व्हॉलीबॉल 18 बाय 9, बास्केटबॉल 28 बाय 15, हँडबॉल 40 बाय 20. म्हणून हँडबॉल बसला की बाकीचे बसतात, आणि एकाच फ्लोअरवर पाच रंगांच्या रेघा दिसतात त्या यामुळे. उंचीचा हिशोब वेगळा, कबड्डीला काही फरक पडत नाही पण मोठ्या बॅडमिंटन स्पर्धेला 12 मीटर आणि जागतिक पातळीच्या व्हॉलीबॉलला 12.5 मीटर मोकळी उंची लागते.

आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो, आवाजाचा. उंच छत म्हणजे जास्त हवा आणि जास्त हवा म्हणजे जास्त घुमणं. वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं सूत्र (वरच्या सॅबिन भाषेशी याचा संबंध नाही) असं की आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे 0.161 गुणिले हॉलचं घनफळ भागिले आवाज शोषणारं क्षेत्रफळ. समजा हॉल 60 बाय 40 बाय 12 मीटर, घनफळ 28,800 घनमीटर. पत्र्याचं छत, सिमेंटच्या भिंती, पॉलिश केलेला लाकडी फ्लोअर असं धरून शोषण 900 चौरस मीटर मानलं तर आवाज विरायला 5 सेकंदांहून जास्त लागतात. बोलणं स्पष्ट कळायला साधारण एक सेकंद चांगला, गाण्याच्या कार्यक्रमाला दोन सेकंद तरी चालतील, पण तिथवर आणायला शोषण 2,300 चौरस मीटरच्या वर न्यावं लागतं. म्हणजे छताखाली ग्लासवूल म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, भिंतींवर भोकं पाडलेले पॅनल, खुर्च्यांना गादी. हे बांधताना केलं तर स्वस्त पडतं, नंतर केलं तर खूप महाग, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा नंतरच आठवतं याचं वाईट वाटतं. नाशिक ढोल हा मोकळ्या रस्त्यासाठी घडलेला आवाज आहे, तो अशा न सुधारलेल्या हॉलमध्ये वाजवला की ठोका आणि त्याचा पडसाद एकमेकांत मिसळून ताल कळेनासा होतो. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की अनाउन्सरचंही ऐकू येत नाही, म्हणून दुहेरी छत आणि मधे इन्सुलेशन हवंच.

कार्यक्रमासाठी दुसरी गरज म्हणजे लायटिंग आणि स्पीकर टांगायला ट्रसवर, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्यावर, पुरेशी ताकद. नुसतं छताचं वजन धरून डिझाईन केलं असेल तर टनावारी सामान वर लावता येत नाही. फ्लोअर लाकडी असेल तर स्टेजखाली आणि खुर्च्यांखाली फळ्या किंवा शीट अंथरायच्या, नाहीतर चरे पडतात आणि ते खेळाडूंच्या पायाखाली येतात. बॅडमिंटनवाल्यांचं आणखी एक, एसीचा झोत. फूल (शटलकॉक) फक्त 4.74 ते 5.50 ग्रॅमचं असतं, वाऱ्याने सरकतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर असल्याने हवा थोडी विरळ, मे महिन्यात फूल पळतं आणि जानेवारीच्या थंडीत बसतं, म्हणून खेळणारे सीझनप्रमाणे फुलाचा स्पीड नंबर (जास्त नंबर म्हणजे जास्त वेगाचं फूल) बदलतात, उन्हाळ्यात कमी आणि थंडीत एक वर.

कबड्डी मातीतून मॅटवर आल्यावर इनडोअर हॉलची मागणी वाढली. 2014 मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तीही वरळीच्या त्याच स्टेडियममधून. खो-खोचंही तेच, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला आणि भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ जिंकले.

नाशिकमध्ये पंचवटीत हिरावाडीला मीनाताई ठाकरे यांच्या नावाचं विभागीय क्रीडा संकुल आहे, बंदिस्त खेळांचं शहरातलं मुख्य ठिकाण हेच समजलं जातं. नाटक आणि गाण्यासाठी शालिमारचं महाकवी कालिदास कलामंदिर, क्रिकेटसाठी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणजे लोकांच्या तोंडी गोल्फ क्लब, आणि मोठ्या म्युझिक फेस्टिव्हलची सवय 2008 पासून सुलाफेस्टमुळे द्राक्षबागांतल्या उघड्या रंगमंचाची.