समितीसमोर की मंडळासमोर?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तेरा वर्षांचा मुलगा दिवसभर मालकासाठी फुगे विकताना आढळला, तर त्याला बाल कल्याण समितीसमोर हजर केले जाते. त्याच मुलाने गिऱ्हाइकाचा मोबाईल लांबवल्याची तक्रार झाली, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. शिक्षकांपासून वार्ताहरांपर्यंत अनेक जण दोन्हींना सरसकट ‘बाल न्यायालय’ म्हणतात. वास्तविक गोवा बाल अधिनियम, 2003 अन्वये स्थापन झालेले बाल न्यायालय या दोन्हींहून वेगळे असून, तेथे मुख्यतः मुलांवर अत्याचार करणाऱ्यांवरील खटले चालतात.

समिती आणि मंडळ या दोन्हींचा कारभार एकाच, म्हणजे 2015च्या बाल न्याय अधिनियमाखाली चालत असल्यामुळे गोंधळ वाढतो. मंडळात तीन वर्षांचा अनुभव असलेला न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. मुलाच्या हातून कथित कृत्य घडले का, हे त्यांना ठरवावे लागते. समितीवर अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांना न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असले, तरी मुलावर आरोपच नसल्यामुळे त्यांच्यापुढचा प्रश्न एवढाच असतो, की हे मूल कोणाच्या हाती सुरक्षित राहील. म्हणूनच समितीसमोर आलेल्या मुलाविषयी ‘सुटला’ असे म्हणणे मला खटकते. तो अडकलेलाच नव्हता.

मोबाईलच्या प्रकरणातही मुलाला बेड्या घालता येत नाहीत की कोठडीत ठेवता येत नाही, आणि त्याला नेणारा पोलीस साध्या कपड्यांत असावा लागतो. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार अशा किरकोळ प्रकरणात, प्रौढ साथीदार नसेल तर, एफआयआरही नोंदवला जात नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला दिला जातो.

हा अहवाल वाचताना दोन वाटा पुष्कळदा एकत्र येतात. वडील परागंदा, आई मडगावला बांधकामावर, शाळा दोन वर्षांपूर्वी सुटलेली, असे चित्र दिसले, की मंडळ आपली चौकशी चालू ठेवून मुलाच्या काळजीचा भाग समितीकडे सोपवू शकते. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मंडळासाठी पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी करतो, समितीसाठीची तपासणीही तेवढ्याच मुदतीत व्हायची असते. त्यामुळे मुलाच्या घराच्या एकाच दारावर दोन वेगवेगळे कर्मचारी तेच प्रश्न घेऊन उभे राहण्याची पाळी येऊ शकते. दोन्हीकडे दुवा असलेल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाने कागद वेळेवर फिरवले, तर ती टळते. घरची गरज पटल्यास मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली दरमहा 4000 रुपयांचे प्रायोजकत्व, म्हणजे आर्थिक मदत, मिळवून देण्याचे कामही याच कक्षाकडे असते. मुलाचे मूळ घर कर्नाटकात असेल, तर समिती तेथे खात्री करून घेऊनच त्याला त्याच्या घराजवळच्या समितीकडे सोपवते.