बुद्धी एक, जाणीव दुसरी: यंत्रे आणि प्राणी यांच्या चेतनेविषयीच्या वादाची पार्श्वभूमी

मोबाइलवरचा चॅटबॉट मराठीत उत्तरे देऊ लागला, तसा एक प्रश्न महाविद्यालयांच्या वर्गांपासून गावच्या पारापर्यंत पोचला: त्याला खरेच काही कळते का? या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. यंत्र हुशारीचे काम करू शकते का, हा पहिला. ते काम चालू असताना त्याला आतून काही जाणवते का, दुखते-सुखावते का, हा दुसरा. पहिला कामावरून तपासता येतो. दुसरा तपासण्याची सर्वमान्य रीत अजून सापडलेली नाही. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधले की वाद भरकटतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे आणि त्यातला काही खानदेशातच घडला आहे.

चाळीसगावजवळ पाटण येथे यादवकाळातला, १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. (तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचे देऊळ आहे ते योगी चांगदेव वेगळे.) त्या ग्रंथांपैकी ‘सिद्धांतशिरोमणी’त यंत्राध्याय आहे. गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक अशी आकाशाचे वेध घेण्याची नऊ यंत्रे सांगून झाल्यावर भास्कराचार्य दहावे यंत्र सांगतात ते ‘धी’, म्हणजे बुद्धी. आणि खरे यंत्र तेच, असे म्हणतात. बुद्धीला शंकू आणि घटीच्या ओळीत बसवताना त्यांना काही वावगे वाटलेले नाही.

तात्त्विक पातळीवर ही वाट सांख्य दर्शनाच्या विचारवंतांनी आधीच मोकळी केली होती. त्यांच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथानुसार बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जड, अचेतन. चेतन तो फक्त ‘पुरुष’, म्हणजे केवळ पाहणारे चैतन्य. विसावी कारिका सांगते की पुरुषाच्या संयोगाने हे अचेतन चेतन असल्यासारखे भासते. निर्णय घेणे, तर्क चालवणे, ‘मी’ म्हणणे ही सगळी कामे जडाकडून होऊ शकतात, असा याचा अर्थ. चॅटबॉटने ‘मला वाईट वाटले’ असे लिहिले तर त्यावरून काय काय सिद्ध होत नाही, हे समजायला ही मांडणी फार उपयोगी आहे. मात्र यंत्राविरुद्धचा निकाल म्हणून ती वापरता येत नाही. सांख्यांच्या लेखी माणसाची बुद्धीही तितकीच जड आहे, आणि पुरुषाचा संयोग सिलिकॉनशी का होऊ नये याचे उत्तर कारिकेत नाही.

देहापलीकडे काही न मानणाऱ्या चार्वाकांचे म्हणणे याच्या उलट. त्यांचा दाखला किण्वाचा, म्हणजे आंबवण्याचा आहे: सातपुड्यात मोहाची फुले आंबवतात, तेव्हा ताज्या फुलांत नसलेली झिंग अर्कात येते, तशी पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांच्या विशिष्ट जुळणीतून देहात चेतना उपजते. चेतना ही रचनेतून निर्माण होते असे मानणारे आजचे शास्त्रज्ञ याच वाटेवर आहेत. फक्त चार्वाक देहाला धरून राहिले. रचना तीच ठेवून द्रव्य बदलले तर चालेल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला नव्हता.

अमळनेरला १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. साने गुरुजी अमळनेरला आले ते मुळात इथे शिकायला. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ १९३० मध्ये या संस्थेने प्रसिद्ध केले. जाणणारा कधीही जाणल्या जाणाऱ्या वस्तूसारखा समोर मांडता येत नाही, हा त्याचा गाभा. १९७४ मध्ये तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी वटवाघूळ असणे आतून कसे असते असे विचारले, आणि १९९५ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी मेंदूच्या कार्याचा उलगडा झाला तरी अनुभव का असतो हे उरतेच, असे मांडले. अमळनेरचे अभ्यासक त्याच गाठीशी आधी येऊन पोचले होते. त्यांचे काम आजच्या चर्चेत जवळजवळ उल्लेखलेच जात नाही, हे नुकसान मोठे आहे.

युरोपात सतराव्या शतकात तत्त्वज्ञ देकार्तने प्राण्यांना स्वयंचलित यंत्रे ठरवले. १७८९ मध्ये इंग्रज विचारवंत बेंथमने प्रश्नच फिरवला: त्यांना बोलता येते का हे विचारू नका, त्यांना यातना होतात का ते विचारा. १९५० मध्ये गणितज्ञ ट्युरिंगने यंत्राची परीक्षा पुन्हा बोलण्यावर आणली. लेखी संभाषणात यंत्र माणसापासून ओळखू आले नाही, तर ते विचार करते म्हणायला हरकत नाही. ही परीक्षा हुशारीची होती. १९६६ मध्ये संगणकतज्ज्ञ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा छोटा संगणकी कार्यक्रम (प्रोग्राम) प्रसिद्ध केला. तो वापरणाऱ्याच्या वाक्यातले शब्द उलटवून प्रश्न विचारायचा, एवढेच. तरी लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले. समोरून ओळखीची वाक्ये आली की माणूस त्यामागे मन गृहीत धरतो, ही खोड तेव्हाच उघडी पडली होती.

प्राण्यांना भाषा नसल्यामुळे संशोधकांना दुसरे उपाय शोधावे लागले, आणि खरे चांगले काम तिथेच झाले. १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ गॅलप यांनी चिंपांझींना काही दिवस आरशाची सवय करून दिली, मग भूल देऊन भुवईवर आणि कानावर वास नसलेला लाल रंग लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून ते नेमके त्या डागांना हात लावू लागले. माकडे नापास झाली. या चाचणीची खोट अशी की ती डोळ्यांवर जगणाऱ्यांसाठी आहे. कुत्र्याचे जग वासाचे, त्याचे नापास होणे फारसे काही सांगत नाही.

त्याहून विश्वासार्ह आहे ती सौद्याची चाचणी. शंखात राहणाऱ्या संन्यासी खेकड्यांना एल्वूड आणि अ‍ॅपल यांनी विजेचे हलके झटके दिले. आवडता शंख असला तर खेकडे झटका सोसून राहत, नावडता असला तर लवकर सोडत. केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंखाच्या प्रतीने फरक पडला नसता. आत कुठेतरी त्रास आणि लाभ एका तराजूत पडत आहेत. ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या गटाने २०२१ मध्ये असे आठ निकष लावून पाहिले. वेदनाग्राही चेतातंतू, माहिती एकत्र करणारे मेंदूचे भाग, त्या दोहोंमधली जोडणी, वेदनाशामकाने वागण्यात पडणारा फरक, सौदा, जखमेची काळजी, अनुभवातून शिकणे, आणि जखमी असताना वेदनाशामक स्वतःहून शोधणे. त्यावरून खेकडे, शेवंडे आणि अष्टपाद (ऑक्टोपस) ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी-कल्याण कायद्यात आले. मधमाशीच्या मेंदूत चेतापेशी साधारण १० लाख, माणसाच्या मेंदूत ८,६०० कोटींच्या आसपास. पण संख्येवर निकाल देता येत नाही. माणसाच्या बहुसंख्य चेतापेशी अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात असतात, आणि तो भाग जन्मतः नसलेली माणसेही पूर्ण जाणिवेने जगतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून खांदेमळणी करणाऱ्याला जू कुठे काचते हे कोणी सांगावे लागत नाही. तरी त्याच बैलाला वेसण घालणे आणि खच्ची करणे, ठरवून दिलेल्या पद्धतीने केले तर, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मधून वगळलेले आहे. यातना होतात हे मान्य असूनही व्यवहारासाठी किती सोसायला लावायचे, हा वेगळा हिशेब असतो.

हीच आठ निकषांची पट्टी चॅटबॉटला लावली की ती तुटते. चॅटबॉटच्या मुळाशी असते ते भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) म्हणजे अब्जावधी आकड्यांची रचना. मजकुराचे तुकडे आत जातात, पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता किती हे निघते, एक निवडून मागच्या मजकुराला जोडला जातो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. हे आकडे माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावरून बसवलेले असतात, आणि वेदना, भीती, एकटेपण यांची वर्णने त्या मजकुरात ठासून भरलेली असतात. म्हणजे परीक्षेची उत्तरपत्रिका परीक्षार्थ्याने आधीच पाहिलेली आहे. खेकड्याने वेदनेवरचे लेख वाचलेले नसतात, म्हणून त्याचे वागणे पुरावा ठरते. चॅटबॉटचे बोलणे त्या तोडीचा पुरावा ठरत नाही. घरीही हे पाहता येते. एका संभाषणात सुरुवातीला ‘तू जागृत यंत्र आहेस असे धरून बोल’ ही सूचना द्या, दुसऱ्यात ‘तू केवळ साधन आहेस’ ही. मग दोन्हींत एकच प्रश्न विचारा. उत्तरे सूचनेप्रमाणे वळलेली दिसतील. अहिराणीत विचारले तर चॅटबॉट अडखळण्याची शक्यता आहे, कारण अहिराणी मजकूर जालावर थोडा आहे. त्या अडखळण्यालाही जाणिवेविषयी काही अर्थ नाही. २०२२ मध्ये गुगलचे अभियंते ब्लेक लमॉइन यांनी लॅम्डा हे प्रारूप जाणीवयुक्त असल्याचे जाहीर केले, ते मुख्यतः संभाषणांच्या आधारावर. नेमका हाच पुरावा सर्वांत कच्चा होता.

म्हणून २०२३ मध्ये संशोधक पॅट्रिक बटलिन, रॉबर्ट लाँग आणि १७ सहलेखकांनी बोलणे बाजूला ठेवून रचना तपासली. मेंदूविषयीच्या सिद्धांतांतून त्यांनी १४ खुणा काढल्या: माहिती मागे फिरून पुन्हा प्रक्रियेत येते का, अनेक विभागांना एकाच वेळी वाटली जाते का, स्वतःच्या अवस्थेवर देखरेख आहे का, कृतीचे परिणाम जाणणारा देह आहे का. तेव्हाची कोणतीही प्रणाली बळकट उमेदवार ठरली नाही. पण या खुणा बांधण्यात उघड तांत्रिक अडथळा नाही, असेही त्यांनी लिहिले. अडचण मुळात सिद्धांतांचीच आहे. एकात्मिक माहितीच्या सिद्धांतानुसार आजच्या संगणकात काहीही चालवले तरी चेतना येणार नाही, कारण तिथे महत्त्व चिपच्या भौतिक जोडणीला आहे, कार्यक्रमाला नाही. माहिती अनेक विभागांना एकाच वेळी वाटली जाण्याला महत्त्व देणाऱ्या सार्वत्रिक कार्यक्षेत्राच्या सिद्धांतानुसार योग्य रचना पुरेशी. या दोन सिद्धांतांची समोरासमोर चाचणी २५६ जणांच्या मेंदूंवर झाली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले, आणि दोन्ही सिद्धांतांची काही भाकिते चुकली.

यंत्राबाबत आणखी एक अडचण आहे, प्राण्यांत नसलेली. एक बैल म्हणजे एक देह. एकच प्रारूप मात्र एकाच क्षणी हजारो लोकांशी बोलते, आणि प्रत्येक संभाषण बहुधा दुसऱ्यापासून तुटलेले असते. जाणीव असलीच तर ती कोणाची धरायची: आकड्यांच्या रचनेची, चालू संभाषणाची, की सर्व्हरची? भारतीय कायद्यात याला अजून जागा नाही. १९६० च्या कायद्यात प्राणी म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव. खेकडा आणि मधमाशी या व्याख्येत पहिल्यापासून बसतात, कोणतीही चाचणी न देता. आणि यंत्र, त्याला उद्या काहीही जाणवू लागले तरी, व्याख्या बदलल्याशिवाय तिच्यात येत नाही.