दोन अंश सेल्सियस आणि बॉब एबलिंग

जानेवारी संपत आला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज हमखास फिरतो. अपोलो-१ यानातली आग २७ जानेवारीची, चॅलेंजर हे स्पेस शटल फुटलं २८ जानेवारीला, कोलंबिया शटल १ फेब्रुवारीला. म्हणजे हा आठवडा नासाला पनवती! चॅलेंजरपुरतं बोलायचं तर पनवती कसली, थंडी होती. ती नेमकी कुठे नडणार हे बॉब एबलिंग आदल्या दिवसापासून सांगत होते.

एबलिंग अमेरिकेतल्या युटामध्ये मॉर्टन थायोकोल कंपनीत इंजिनिअर. स्पेस शटलला वर ढकलणारे घन इंधनाचे बूस्टर रॉकेट ही कंपनी बनवायची. पोलादी नळकांडी एकावर एक चढवून बूस्टर उभा राही आणि सांध्यांत रबराच्या दोन-दोन ओ-रिंगा असत. नळकांड्याचा व्यास सुमारे ३.७ मीटर, रिंगेची जाडी जेमतेम ७ मिलिमीटर.

काम कुकरच्या रिंगेचंच, आतला तापलेला वायू सांध्यातून निसटू न देण्याचं, पण उपमा इथेच संपते. बूस्टर पेटला की आतल्या दाबाने नळकांडी फुगतात आणि सांध्यातली फट किंचित उघडते. हे सगळं पहिल्या ०.६ सेकंदात. तेवढ्यात दाबून बसलेल्या रिंगेने उसळून ती फट गाठायची. रबर उसळतं ते त्याच्या लांबलचक रेणूंच्या वळवळीमुळे: दाबलेल्या साखळ्या पुन्हा जास्त एन्ट्रॉपीच्या, विस्कटलेल्या अवस्थेकडे धावतात. तापमान उतरलं की ही वळवळ मंदावते. रिंगा व्हायटॉन या फ्लोरोकार्बन रबराच्या. ते काचेसारखं कडक होतं शून्याखाली २० अंशांच्या आसपास, पण सुस्तावतं त्याच्या कितीतरी आधी. थायोकोलच्याच चाचण्यांत ३८ अंश सेल्सियसला रिंगेने धातूला सोडलं नाही. २४ अंशांना २.४ सेकंद सुटली. १० अंशांना १० मिनिटं झाली तरी परत टेकली नाही.

उड्डाणाच्या वेळी तापमान होतं २ अंश.

या रिंगांबद्दलच्या, ऑक्टोबर १९८५ मधल्या एबलिंग यांच्या मेमोची सुरुवातच ‘हेल्प!’ अशी आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री टेलिकॉन्फरन्समध्ये इंजिनिअरांनी उड्डाण थांबवायला सांगितलं. थायोकोलच्या व्यवस्थापनाने आधी साथ दिली, मग शब्द फिरवला. घरी येऊन एबलिंग बायकोला म्हणाले, उद्या यान फुटणार. सकाळी ऑफिसला जाताना गाडीत मुलगी होती, तीही त्याच कंपनीत. डॅशबोर्डवर मुठी आपटत त्यांनी तिलाही तेच सांगितलं. ७३ व्या सेकंदाला यानाचे तुकडे झाले. सातही जण गेले.

पुढे सांध्याची रचना बदलली. फट उघडू नये म्हणून पोलादाला जादा ओठ दिला, तिसरी रिंग घातली आणि सांधे उबदार ठेवायला हीटर बसवले. सप्टेंबर १९८८ मध्ये डिस्कव्हरी शटलने उड्डाण केलं.

एबलिंग मात्र निवृत्त झाले आणि बेअर रिव्हर पक्षी अभयारण्यात रमले. ग्रेट सॉल्ट लेकच्या खाऱ्या पुराने त्या पाणथळीची वाट लागली होती. ती पुन्हा उभी करायला ते स्वयंसेवक म्हणून राबले. पण २०१६ च्या जानेवारीत, तीस वर्षांनीही, रेडिओवर ते स्वतःलाच दोष देत होते: मी आणखी काहीतरी करायला हवं होतं, देवाने या कामाला मला निवडायला नको होतं. २.४ सेकंद आणि १० मिनिटं यापेक्षा जास्त काय हवं होतं कोणाला? ते ऐकून शेकडो श्रोत्यांनी त्यांना पत्रं धाडली, त्यांत इंजिनिअरही होते. त्या पत्रांनी ओझं बरंच उतरलं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मार्चमध्ये ते गेले, वय ८९.