डिजिटल अटक

डिजिटल अटक : पोलीस, सीबीआय, ईडी, सीमाशुल्क विभाग किंवा न्यायालय यांचे नाव सांगून एखाद्या व्यक्तीला व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास, प्रसंगी अनेक दिवस अडकवून ठेवायचे आणि अटकेचा धाक घालून तिच्याच हातून तिचे पैसे वळते करून घ्यायचे, असा हा ऑनलाइन फसवणुकीचा प्रकार आहे. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. भारतात हा प्रकार साधारणतः २०२३ च्या उत्तरार्धापासून ठळकपणे दिसू लागला. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून त्याविषयी सावध केले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

उगमाविषयी दोन मते आढळतात. झारखंडमधील जामताडा परिसरातून बँक अधिकारी असल्याचे भासवून होणाऱ्या कॉलचे हे पुढचे रूप आहे, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार हा प्रकार पूर्व आशियातून आला. दक्षिण कोरियात साधारण २००६ पासून सरकारी वकील किंवा पोलीस असल्याचे सांगून दूरध्वनीवरून लुबाडणूक होत आली असून तैवान व चीनमध्येही असे प्रकार जुने आहेत. पार्सलचे निमित्त, मग पोलीस, मग वरिष्ठ अधिकारी ही चढती रचना आणि ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत रक्कम सुरक्षित खात्यात ठेवा’ ही मागणी तिकडच्या प्रकरणांशी फार जुळते. म्यानमार, कंबोडिया व लाओसमधील कोंडवाड्यांत नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीय तरुणांकडून असे कॉल करवून घेतले जातात, हेही उघड झाले आहे. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून ५०० हून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यामुळे फसवणुकीचा ठरलेला संवाद व क्रम बाहेरचा आणि पैसे फिरवणारी साखळी बरीचशी देशातली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

सुरुवात बहुधा ध्वनिमुद्रित कॉलने होते : ‘तुमचा मोबाईल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ पुढे आधार क्रमांक गैरव्यवहारात वापरला गेल्याचे किंवा पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगितले जाते. व्हिडिओवर गणवेशातील माणूस दिसतो, त्याच्यामागे पोलीस ठाण्याचा फलक असतो. राजमुद्रा, शिक्का आणि प्रकरण क्रमांक असलेले पत्र व्हॉट्सअॅपवर येते आणि त्यात बहुतेक वेळा ‘गोपनीयतेचा करार’ही असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील एका वयोवृद्ध उद्योजकाला तर सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी दाखवून सुमारे ७ कोटी रुपयांना फसविण्यात आले. सुशिक्षित माणूस या सापळ्यातून सुटतो, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागते.

खऱ्या अटकेची कायदेशीर रीत ठाऊक असणे हे या फसवणुकीविरुद्धचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ४३ नुसार अटक करणाऱ्याने व्यक्तीच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करणे किंवा तिला बंदिस्त करणे आवश्यक असते. शब्दाने वा कृतीने ती स्वतः ताब्यात आली तरच याला अपवाद होतो. या अपवादाचा आधार घेऊन ‘कॉलवर होकार दिला म्हणजे अटक झाली’ असे भासविले जाते, परंतु ताबा घेणारा अधिकारीच समोर नसल्याने तो युक्तिवाद टिकत नाही. चौकशीला हजर राहण्याची कलम ३५ खालील नोटीसही व्हॉट्सअॅपवरून बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करावा लागतो आणि संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्याला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर न्यावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कलम ४८ नुसार अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठकाची पहिली अट मात्र ‘घरात कुणाला सांगू नका’ अशी असते. खोलीचे दार लावायला सांगणारा कोणताही अधिकारी खोटाच समजावा.

नाशिकच्या संदर्भात हा मुद्दा विशेष विचारात घेण्यासारखा आहे. नाशिकरोडची चलनी नोटांची व प्रतिभूतींची मुद्रणालये, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, देवळाली परिसरातील तोफखान्याच्या आस्थापना आणि एकलहरे वीज केंद्र यांतून निवृत्त झालेल्यांची मोठी वस्ती जेलरोड, देवळाली, इंदिरानगर या भागांत आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम मुदत ठेवीत आणि मुले पुण्यात किंवा परदेशात, अशी अनेक घरे येथे आहेत. ज्यांची सारी नोकरी गोपनीयतेच्या नियमांत गेली, त्यांना ‘हे राष्ट्रीय सुरक्षेचे प्रकरण आहे’ हे वाक्य इतरांपेक्षा अधिक बांधून ठेवीत असावे, असे मानण्यास जागा आहे. म्हणून घरातील ज्येष्ठांशी या विषयावर आधीच मोकळेपणाने बोलून ठेवणे अगत्याचे आहे. आयुष्यभराची ठेव मुदतीपूर्वी मोडायला आलेल्या ज्येष्ठाला बँकेतील कर्मचाऱ्याने दोन प्रश्न आपुलकीने विचारले, तर त्याच टप्प्यावर फसवणूक थांबू शकते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक वा ग्राहक यांपैकी कोणाचाही दोष नसताना झालेल्या अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर तोशीस पडत नाही. डिजिटल अटकेत पैसे ग्राहकाने स्वतः पाठविलेले असल्याने या तरतुदीचा आधार मिळणे अवघड जाते. रक्कम भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांतून काही तासांत पुढे सरकते आणि आभासी चलनात रूपांतरित होऊ शकते. म्हणून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार नोंदवावी लागते; त्यावरून संबंधित बँकांना रक्कम गोठविण्याची सूचना जाते. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण पोलीस यांची स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. तक्रारीसोबत व्यवहार क्रमांक, बँक उतारा, कॉल आलेला क्रमांक आणि आलेली पत्रे द्यावीत. घाबरून किंवा संकोचापोटी संभाषण पुसून टाकू नये. गोठविलेली रक्कम परत मिळण्यासाठी सामान्यतः न्यायालयाचा आदेश लागतो.