एक विषाणूचा, दुसरा नाही: गुदद्वाराचा आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर

आमच्या यवतमाळकडे संडासवाटे रक्त गेलं की माणूस आधी 'बवासीर झाली' म्हणतो आणि स्टँडजवळच्या 'बिना ऑपरेशन' पाटीखाली जाऊन बसतो. बहुतेकदा असतेही बवासीरच. पण कधी कॅन्सर निघतो, आणि घरचे हळूच विचारतात, "हा विषाणूचा हाये ना डॉक्टरसाहेब? मंग ताट-गिलास वेगळं ठेवाचं का?"

कोणता कॅन्सर, त्यावर पुढचं सगळं ठरतं. गुदद्वारापासून आत जाणारा गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. तो संपला की मलाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक. दोन्हींचं रक्त एकाच वाटेनं येतं, पण आतलं अस्तर बदलतं: खाली चपट्या पेशी, वर चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी. एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा) विषाणूला चपट्या पेशी मानवतात. त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशीची वाढ आवरणारी पी-५३ आणि आरबी ही प्रथिनं निकामी करतात. गुदद्वाराच्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के या विषाणूमुळे होतात, बहुतेक त्याच्या टाइप १६ या प्रकारामुळे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हाच असल्याचं दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

आतड्यात बहुधा आधी पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा छोटा कोंब, येतो आणि जनुकांत एकेक बिघाड साचत वर्षानुवर्षांनी कॅन्सर होतो. वय, घराण्यातला आजार, दारू, तंबाखू, लठ्ठपणा ही त्याची ओळखीची कारणं. काही गाठींमध्ये एचपीव्ही, सायटोमेगॅलो, जेसी या विषाणूंचे अंश सापडलेत, काहींत नाहीत. पण सापडणं म्हणजे घडवणं नव्हे. कापसाचं सडकं बोंड फोडलं की बुरशी दिसते. कित्येकदा भोक मात्र आधी बोंडअळीनं पाडलेलं असतं, बुरशी मागून शिरते. आतड्यातल्या विषाणूंवरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही.

ताट-गिलास कुठल्याच कॅन्सरात वेगळं करायचं नाही. एचपीव्ही पसरतो तो मुख्यतः लैंगिक संबंधातून, जेवणातून नाही. त्याची लस गुदद्वाराच्या कॅन्सरपासून वाचवते. आतड्याच्या कॅन्सरासाठी ती नाही. उपचारही निराळे: गुदद्वाराच्या गाठीला सहसा रेडिएशन आणि केमो एकत्र, आतड्याच्या गाठीला मुख्यतः ऑपरेशन.

गुदद्वारातली आणि मलाशयाच्या खालच्या भागातली गाठ पुष्कळदा डॉक्टरच्या हातमोजातल्या बोटालाच लागते. दोन मिनिटांचं काम. "ते नका करू, गोळी द्या" म्हणणारे मात्र आठवड्याला चार तरी भेटतात.