पावशाला पावसाचं काय कळतं?

मे महिना उजाडला की बातम्यांत हमखास टिटवी येते. तिने चार अंडी घातली, म्हणजे यंदा चारही महिने पाऊस. सोबत दगडगोट्यांत निमुळती टोकं आत वळवून मांडलेल्या अंड्यांचा फोटो. आता टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, दुष्काळाच्या वर्षीसुद्धा. पण भाकीत फसल्याची बातमी छापतो कोण?

पावशा हा पक्षी ओरडला की पाऊस जवळ आला, असंही म्हणतात. हे प्रकरण वेगळं आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. सासवडच्या बाजूला माळाकडेच्या एखाद्या आमराईत मेमध्ये सहाच्या आत पोचा. तांबट आणि कोकीळ यांच्या गलक्यातून 'पेरते व्हा, पेरते व्हा' ऐकू येतं. प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा वरच्या पट्टीत जाते आणि टोकाला पोचून एकदम तुटते. पक्षी सहज दिसत नाही. दिसलाच तर पट्टेरी शेपटीमुळे शिक्रा वाटतो. खाली पाचोळ्यात सातभाईंची कचकच चालू असते, आणि पावशाचा डोळा असतो तो त्यांच्यावर. मादी आपलं निळं अंडं त्यांच्या निळ्या अंड्यांत सोडते. म्हणजे हा सगळा आरडाओरडा विणीचा आहे, पेरणीशी त्याला देणंघेणं नाही.

मग वीण बरोबर पावसाच्या तोंडावरच कशी येते? पक्षी दिवसाची लांबी मोजतात म्हणून. आणि तीही डोळ्यांनी नव्हे!

1930 च्या दशकात फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी दाखवून दिलं, की डोळे निकामी केलेल्या बदकांची वृषणंही जास्त उजेड मिळाला की वाढतात. पुढे अमेरिकेत मायकेल मेनाकर यांनी आपल्या घरात येते त्याच जातीच्या चिमणीवर प्रयोग केले. डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली, की डोळे शाबूत असूनही चिमणीला मोठा दिवस 'कळेना'. उजेड कवटीतून थेट मेंदूत जातो, हे त्यातून उघड झालं. अंधारात मोबाइलचा टॉर्च तळहाताला लावून पाहा, हात लाल दिसतो. तांबडा उजेड मांसातून बराच आत शिरतो, आणि पक्ष्याची कवटी तर पातळच.

मेंदूच्या तळाशी अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस, नावाचा भाग असतो. तिथल्या काही पेशींत प्रकाश टिपणारी प्रथिनं असतात. पण या पेशी एकूण उजेडाची बेरीज करत नाहीत. पक्ष्याच्या अंगातल्या घड्याळात एक ठरावीक प्रहर असतो. जपानी लावा या पक्ष्यात तो उजाडल्यानंतर साधारण बाराव्या ते सोळाव्या तासापर्यंतचा. त्या प्रहरात उजेड पडला तर दिवस मोठा, नाही तर लहान. दिवस लहान ठेवून रात्री नेमक्या त्या वेळी थोडा वेळ दिवा लावला तरी लावा फसतो. एकदा 'मोठा दिवस' अशी नोंद झाली की पीयूषिका ग्रंथीच्या देठाजवळून टीएसएच हे संप्रेरक सुटतं, ते उलटं अधश्चेतकाकडे जातं, तिथे टी-4 या थायरॉइडच्या संप्रेरकाचं टी-3 होतं, त्यातून जीएनआरएच हे विणीला चालना देणारं संप्रेरक मोकळं होतं आणि काही आठवड्यांत वृषणं शंभर पटींपर्यंत फुगतात. या संक्षेपांच्या माळेत अडखळला असाल तर एवढंच धरा: संध्याकाळचा उजेड लांबला की थायरॉइडच्या वाटेने विणीची तयारी सुरू होते.

यावर रास्त शंका अशी, की पुण्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. तेवढ्यावर भागतं? पनामातल्या एका छोट्या जंगली पक्ष्यावर 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. दिवस फक्त 17 मिनिटांनी वाढवला, तरी त्याची वृषणं वाढली आणि गाणंही.

तेव्हा पावशाकडे हवामानाचा अंदाज नाही, पंचांग आहे. आपलंही तसंच. 7 जूनच्या सुमाराला सूर्य मृग नक्षत्रात जातो, मग त्या वर्षी मान्सून केरळात अडकलेला असो वा नसो. सरासरी पाऊस कधी येतो एवढं सूर्यावरून सांगता येतं, यंदाचा नाही. पक्षी निदान एवढ्यावर थांबत नाहीत. सूर्य फक्त हंगाम उघडून देतो, प्रत्यक्ष मुहूर्त किडे, गवत आणि पहिल्या सरींवर ठरतो. पाती लांब झाल्याशिवाय सुगरण घरटं विणणार तरी कशाचं?

त्याच आमराईत पाचोळा तुडवताना पायाजवळून एक 'पान' उडतं आणि चार हातांवर पुन्हा पान होतं. हे कॉमन इव्हनिंग ब्राऊन फुलपाखरू. मिटलेल्या पंखांवर बुरशीसारखे डाग आणि पानाच्या मधल्या शिरेसारखी एक रेघ. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांवर मात्र ठसठशीत डोळे असतात. त्याच्या आफ्रिकी भाऊबंदांवरच्या प्रयोगांत हे वेषांतर अळीपणीच्या तापमानावर ठरताना दिसलं: गारव्यात वाढलेल्या अळ्यांची फुलपाखरं पानासारखी निघाली, उबेत वाढलेल्यांची डोळेवाली. इथेही पुढचा अंदाज नाही, मागच्या काही आठवड्यांची नोंद आहे.

तरीही पावशावर भरवसा असेल, तर यंदा त्याची पहिली हाक कधी ऐकली ती तारीख लिहून ठेवा आणि शेजारी आपल्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा मांडत जा. टिटवीची अंडीही मोजा हवं तर. फक्त लांबून, दुर्बिणीतून. जवळ गेलात तर ती डोक्यावर झेपावते, आणि तेवढ्यात उघडी पडलेली अंडी मेच्या उन्हात तापत राहतात.