वॉशिंग्टन डी.सी.चे ‘छाया’ सिनेटर आणि प्रतिनिधी: उमेदवारीची पात्रता, कागदपत्रे व प्रक्रिया

२०२० च्या जनगणनेनुसार वॉशिंग्टन डी.सी.ची लोकसंख्या ६,८९,५४५ होती, म्हणजे वायोमिंग आणि व्हरमाँट या दोन्ही राज्यांपेक्षा अधिक. तरीही अमेरिकी सिनेटमध्ये या शहराचा एकही सदस्य नाही आणि प्रतिनिधिगृहातील त्याच्या एकमेव डेलिगेटला विधेयकावर अंतिम मत देता येत नाही. हा अन्याय दूर होऊन राज्याचा दर्जा मिळावा, यासाठी १९९० पासून येथील मतदार दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी निवडून देतात; यांनाच ‘छाया’ सिनेटर व प्रतिनिधी म्हणतात. त्यांना सभागृहात आसन नाही आणि शहराकडून वेतनही नाही. राज्यत्वाच्या मागणीचा काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, पाठपुरावा करणे हे त्यांचे काम. टेनेसीने १७९६ मध्ये आणि अलास्काने १९५६ मध्ये हाच मार्ग धरला होता व दोघांनाही पुढे राज्याचा दर्जा मिळाला.

मतपत्रिकेवर ‘छाया’ हा शब्द नसतो, त्यामुळे अर्ज घेतानाच पदाचे नाव नीट तपासावे. डेलिगेट हे वेगळे पद आहे. प्रतिनिधीची मुदत दोन वर्षांची, सिनेटरची सहा वर्षांची असते.

वयाची व नागरिकत्वाची अट खऱ्या सदस्यांसारखीच आहे: प्रतिनिधीसाठी वय २५ आणि नागरिकत्व ७ वर्षांचे, सिनेटरसाठी वय ३० आणि नागरिकत्व ९ वर्षांचे. तेथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावे की ही वर्षे ग्रीन कार्डापासून नव्हे, तर नागरिकत्व मिळाल्यापासून मोजली जातात. उमेदवार डी.सी.चा रहिवासी आणि नोंदणीकृत मतदार असावा. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीसाठी त्याच पक्षात नोंदणी हवी.

निवडणूक मंडळाकडे उमेदवारीचे घोषणापत्र आणि नामनिर्देशनाची सह्यापत्रके दाखल करावी लागतात. खरी मेहनत सह्यांची आहे. प्राथमिक निवडणुकीसाठी स्वपक्षाच्या २,००० नोंदणीकृत मतदारांच्या किंवा पक्षाच्या एकूण मतदारांपैकी १ टक्क्याच्या, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्या सह्या लागतात. प्रत्येक सहीसोबत नाव, पत्ता व तारीख हवी, आणि सह्या गोळा करणाऱ्याने त्या आपल्यासमोर झाल्याचे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागते. त्यानंतर दहा दिवस ही पत्रके हरकतींसाठी खुली असतात. हा टप्पा हलक्यात घेऊ नये: २००२ मध्ये पदावर असलेले महापौर अँथनी विल्यम्स यांचे नाव बनावट सह्यांमुळे प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेतून वगळले गेले आणि मतदारांनी हाताने नाव लिहून त्यांना निवडले. म्हणून किमान संख्येहून बऱ्याच जास्त सह्या घ्याव्यात आणि त्या जमा करण्यापूर्वी मतदारयादीशी ताडून पाहाव्यात.